मी कुणाची सेवा करणार हे ठरवताना

बायबलमधल्या यहोशवाच्या पुस्तकातला 24 वा अध्याय बहुतेक ख्रिस्ती घरांत माहीत असतो, म्हणजे त्यातलं 15 वं वचन तरी असतंच, मी आणि माझं घराणं तर परमेश्वराची सेवा करणार, ते. फ्रेम करून भिंतीवर लावलेलं असतं, लग्नाच्या पत्रिकेत असतं, नवीन घराच्या प्रार्थनेत तर हमखास वाचलं जातं. मी हे वचन ऐकत मोठी झाले. पण ते ज्या भाषणात आलंय ते अख्खं भाषण शांतपणे बसून वाचायची वेळ माझ्यावर आली ती चाळिशीच्या आसपास, आणि त्या वाचनातून पुढे जे काय झालं ते इथे लिहून ठेवतेय, कारण माझ्यासारखे खूप जण असतील, ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले, बाप्तिस्मा झालेला, दृढीकरण (मोठं झाल्यावर स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झालेलं, उपासनेला नियमित, आणि तरी एखाद्या दिवशी समोर प्रश्न उभा राहतो की बाई तू नक्की कुणाच्या बाजूची.

आधी त्या अध्यायाबद्दल सांगते. यहोशवा, म्हणजे मोशेनंतरचा इस्राएल लोकांचा पुढारी, म्हातारा झालाय (एकशे दहाव्या वर्षी तो मरण पावला असं त्याच अध्यायाच्या शेवटी आहे), इस्राएलाच्या सगळ्या वंशांना त्याने शखेम या गावी बोलावलंय. आणि हे लोक काही देवाला न ओळखणारे नव्हते! वचनदत्त देश मिळालेला, लढाया संपलेल्या, न लावलेल्या द्राक्षमळ्यांची फळं खातायत. अशा लोकांना तो म्हणतो, आज निवडा. मला हे आधी कधी जाणवलंच नव्हतं, निवडा हा शब्द बाहेरच्यांना नाही, आत बसलेल्यांना आहे. लोक लगेच म्हणतात, आम्ही परमेश्वराची सेवा करू. आपल्याला वाटेल की आता यहोशवा खूश होऊन आशीर्वाद देईल, तर तो 19 व्या वचनात म्हणतो की तुमच्याने त्याची सेवा होणार नाही, तो पवित्र देव आहे, ईर्ष्यावान देव आहे. लोक पुन्हा म्हणतात, नाही, आम्ही करणारच. मग 23 व्या वचनात तो म्हणतो, तर मग तुमच्यामध्ये जे परके देव आहेत ते टाकून द्या.

मी तिथेच थांबले. म्हणजे ते परके देव होतेच की अजून! मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून बाहेर आले, यार्देन नदी कोरडी झालेली ओलांडली, यरीहो शहराचा तट पडला, आणि सामानात कुठेतरी ते देव तसेच. आणि तरी तोंडाने आम्ही परमेश्वराचेच असं म्हणतायत, आणि मला वाटतं खोटं बोलत नव्हते ते, मनापासूनच म्हणत होते.

मी हा अध्याय त्या दिवसांत का वाचत होते ते आता सांगते. मी एका कंपनीत क्वालिटीच्या कामात आहे. माल बाहेर जायच्या आधी ज्या टेस्ट व्हायला हव्यात त्या झाल्या की नाही हे बघून रिपोर्टवर सही करायची, हे माझ्या कामाचा मोठा भाग. एका मोठ्या ऑर्डरच्या वेळी एक टेस्ट राहून गेली, ती वेळेत झालीच नव्हती, नंतर केली आणि रिझल्ट चांगला आला, पण रिपोर्टवर मागची तारीख हवी होती नाहीतर माल अडकला असता. मॅनेजर म्हणाले, ‘‘मॅडम, टेस्ट पास आहे ना, मग प्रॉब्लेम काय, तारीख तेवढी मागची टाका.’’ त्यांचा आवाज धमकीचा नव्हता, उलट अगदी सहज, रोज करतात तसं. आणि त्यामुळेच ते अवघड होतं. कुणी मला येशूला नाकार म्हणत नव्हतं, कुणी क्रूस पायदळी तुडव म्हणत नव्हतं, फक्त एका छोट्या चौकोनात दोन आकडे बदलायचे होते. मी म्हटलं उद्या सांगते, आणि घरी आले.

आता कुणी म्हणेल यात देवाशी निष्ठा वगैरे एवढं मोठं काय आहे, हा तर साधा प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे, कुठलाही सरळ माणूस नाही म्हणेल, देव मानो वा न मानो. खरंय. पण माझ्या आत जे चाललं होतं ते प्रामाणिकपणाबद्दल नव्हतं. खोटं आहे हे मला दिसत होतंच, त्यात शंका नव्हती. भीती होती ती वेगळी. सही नाही केली तर नोकरीचं काय, आणि नोकरी गेली तर घराच्या कर्जाच्या हप्त्याचं काय, मुलीच्या शिक्षणाचं काय. म्हणजे मला सांभाळणारं कोण आहे, हा तो प्रश्न होता. आणि त्या रात्री माझ्या मनाने जे उत्तर दिलं ते देव असं नव्हतं, ते उत्तर होतं पगार.

त्याच आठवड्यात मी एलीया संदेष्ट्याची गोष्टही वाचली, 1 राजे 18. कर्मेल डोंगरावर बआलाचे साडेचारशे संदेष्टे एकीकडे आणि एलीया एकटा दुसरीकडे. आपण लहानपणी संडे स्कूलमध्ये आकाशातून अग्नी पडतो तो भाग रंगवून ऐकतो, पण त्याआधी 21 व्या वचनात एलीया लोकांना विचारतो की तुम्ही किती दिवस दोन्हीकडे लटपटत राहणार, परमेश्वर देव असेल तर त्याच्या मागे चला, बआल असेल तर त्याच्या मागे. आणि पुढे लिहिलंय की लोकांनी त्याला एका शब्दानेही उत्तर दिलं नाही. त्या लोकांनी परमेश्वराला सोडून दिलं होतं असं नाही. बआल हा पावसाचा, पिकापाण्याचा देव मानला जायचा. सण, पूर्वजांच्या कथा, मिसरातून सुटका, हे सगळं परमेश्वराचं, पण शेतात पाऊस पडायचा तर बआलाकडेही थोडं बघून ठेवलेलं बरं, असा तो हिशोब. म्हणून तर देवाने नेमका दुष्काळ पाडला, कित्येक वर्षं पाऊस नाही दव नाही. प्रश्न जिथे होता तिथेच बोट ठेवलं. पाऊस कोण देतो ते आधी ठरवा मग बाकीचं बोलू. हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर पगाराचा मेसेज आला महिन्याच्या एक तारखेचा, आणि तो आल्यावर मला जी शांती वाटते ती. प्रार्थनेनंतर तेवढी वाटते का, हे मी स्वतःला विचारलं आणि मीही त्या लोकांसारखी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरकडे आठवडाभराची मुदत मागितली, माल तसाही बाकीच्या कागदांसाठी थांबलेला होता म्हणून ते हो म्हणाले. मग मी आमच्या पास्टरांना भेटले. मला वाटलं ते सांगतील सही करू नकोस, प्रार्थना करून पाठवतील. ते तसं काहीच बोलले नाहीत. म्हणाले, ‘‘ताई, सहीचं तुम्हाला माहितीच आहे, त्यासाठी तुम्ही आला नाहीत. कुठली गोष्ट हातातून गेली तर आपण संपलो असं वाटतं, ते आधी सांगा.’’ मी म्हटलं नोकरी. ते म्हणाले अजून. मी म्हटलं घर. अजून. मग मी बराच वेळ गप्प होते आणि मग माझ्या तोंडून निघालं की माझ्या आईला माझा अभिमान वाटतो ते. हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं. नोकरी आणि हप्ते ठीक आहे, पण मी ऑफिसर झालेय, माझ्या नावामागे एक पद आहे, आई चार लोकांत सांगते, ते जाईल ही भीती सगळ्यात खाली बसलेली होती. पास्टर म्हणाले हे सगळं घरी जाऊन लिहून काढा, आणि त्याच्या शेजारी दुसरं एक लिहा, देवाने तुमच्यासाठी काय काय केलंय ते, आणि तो भाग आधी लिहा.

हे आधी लिहा म्हणाले त्याचं कारण मला यहोशवाच्या भाषणातच सापडलं. 24 व्या अध्यायात निवडा हा शब्द 15 व्या वचनात येतो, त्याच्या आधी 2 ते 13 वचनांत परमेश्वर स्वतः बोलतोय आणि सगळं मी, मी, मी असं आहे. मी अब्राहामाला नदीपलीकडून आणलं, मी मोशे आणि अहरोनाला पाठवलं, मी तुम्हाला बाहेर काढलं, मी तुम्हाला देश दिला. दहा आज्ञांचंही तसंच आहे ना, निर्गम 20 मध्ये माझ्याखेरीज तुला अन्य देव नसावेत ही आज्ञा 3 ऱ्या वचनात आहे, त्याच्या आधी 2 ऱ्या वचनात आहे की तुला दास्यगृहातून बाहेर आणणारा तो मीच. म्हणजे देव आधी सोडवतो आणि मग विचारतो, आता माझा होशील का. कित्येक वर्षं निष्ठा म्हटलं की माझ्या मनात दात ओठ खाऊन करायची गोष्ट यायची, मन घट्ट करा, जगाला नाकारा, असं. पण देवाने ती मागितलीय सुटका झालेल्या लोकांकडे, उपकाराच्या आठवणीवर. नवीन करारात योहान हेच म्हणतो, त्याने आधी आपल्यावर प्रेम केलं म्हणून आपण करतो.

तर मी लिहायला बसले. बाबा गेले तेव्हा घरात कुणी कमावतं नव्हतं आणि मंडळीतल्या ज्या बाईंनी माझी फी भरली त्यांनी आजतागायत कधी तो विषय काढला नाही. मुलीच्या वेळचं बाळंतपण, डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलेलं वाक्य आणि मग दोघी वाचलो. माझ्या भावाचं दारू सोडणं. एक अशीही गोष्ट लिहिली जी मी मागितली होती आणि मिळाली नाही, आणि नाही मिळाली म्हणून आज मी बरी आहे. आणि सगळ्यात वरती, सगळ्यांच्या आधी, क्रूस. ते लिहिताना मला थोडं संकोचल्यासारखं झालं, म्हणजे ते तर सगळ्यांसाठीच आहे ना, माझ्या यादीत कसं लिहू, पण प्रेषित पौल गलतीकरांना पत्र लिहिताना म्हणतोच की त्याने माझ्यावर प्रेम केलं आणि स्वतःला माझ्यासाठी दिलं, माझ्यावर, माझ्यासाठी. म्हणून लिहिलं. वही भरत गेली आणि मी रडत होते, दुःखाने नाही.

मग दुसरी यादी. याबद्दल एक जुनी गोष्ट मला फार उपयोगी पडली. चौथ्या शतकात यरुशलेमेत बिशप सिरिल होते, त्यांनी नव्याने बाप्तिस्मा झालेल्यांना दिलेली शिकवण आजही उपलब्ध आहे. बाप्तिस्म्याच्या आधी माणसाला पश्चिमेकडे तोंड करून उभं करायचे, पश्चिम म्हणजे अंधाराची दिशा, आणि हात पुढे करून त्याने म्हणायचं की सैताना, मी तुला, तुझ्या कामांना, तुझ्या थाटामाटाला आणि तुझ्या सेवेला नाकारतो. आणि त्यानंतर वळायचं पूर्वेकडे, प्रकाशाच्या दिशेला, आणि विश्वास कबूल करायचा. मला ते वळणं फार आवडलं. नुसतं पूर्वेकडे तोंड करून गोड गोड म्हणणं नाही, आधी समोर बघून नाव घेऊन नाही म्हणायचं आणि मग पूर्ण अंगाने फिरायचं. आपल्या बाप्तिस्म्याच्या विधीतही ते प्रश्न असतात, सैतानाला आणि त्याच्या सर्व कृत्यांना नाकारता का, पण माझ्या वतीने ते आईबाबांनी म्हटलं होतं, मी तर कडेवर होते.

मी माझ्या खोलीत दार लावून ते केलं. वेडेपणा वाटेल कुणाला, वाटो. एका भिंतीकडे तोंड करून उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, पगारा, तू मला सांभाळत नाहीस, मी तुला देव मानणार नाही. लोकांनी मला मोठं म्हणावं ही जी माझी भूक आहे तिला मी नाकारते. आईच्या अभिमानाचं नाव घ्यायला जीभ वळत नव्हती. कारण ती वाईट गोष्ट नाहीच ना, आईने अभिमान बाळगणं, मुलीने तो जपणं. पण अब्राहामाचा नातू याकोब याची आठवण झाली, उत्पत्ती 35 मध्ये त्याच्या घरच्यांनी परके देव आणि कानातली कुंडलं त्याच्याकडे दिली आणि त्याने ती शखेमजवळ एका एला झाडाखाली पुरली, म्हणजे तेच शखेम जिथे नंतर यहोशवाने लोकांना उभं केलं. कुंडलं काय वाईट असतात का? पण त्यांच्या घरात ती त्या देवांची झाली होती. चांगली गोष्ट देवाच्या जागेवर बसली की तिलाही खाली उतरवावं लागतं, मग ती पुन्हा नुसती चांगली गोष्ट होते. शेवटी म्हटलं मी. मग वळले आणि म्हटलं, येशू प्रभू आहे. एवढंच, रोमकरांस 10:9 मधलं. जास्त शब्द सुचले नाहीत.

आता खरा प्रश्न घरातला. मी हे सगळं माझ्यापुरतं ठरवून चालणार नव्हतं, हप्ता दोघांच्या पगारातून जातो. लूक 14 मध्ये येशू म्हणतो बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशोब करा, आणि हे तो अगदी त्याच बोलण्यात म्हणतो जिथे आपला शिष्य होण्याबद्दल बोलतोय. म्हणून आम्ही दोघं खरंच बसलो, लॅपटॉपवर शीट उघडून, माझा पगार शून्य धरला तर किती महिने निघतात ते बघितलं. आकडा फार चांगला नव्हता. मी नवऱ्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं की याने आता म्हणावं, जाऊ दे गं एकदा कर सही, म्हणजे मला सबब मिळेल. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, ‘‘गाडी विकू. आणि हे बघ, नोकरी गेली तर काय करायचं ते दोघं मिळून बघू, पण या घरातून तुला कुणी सही कर म्हणणार नाही.’’ भिंतीवरचं वचन मी इतकी वर्षं बघितलं पण मी आणि माझं घराणं म्हणजे काय ते मला त्या वाक्यात कळलं.

त्या आठवड्यात मी एकच प्रार्थना केली, स्तोत्र 86 मधल्या 11 व्या वचनाची, माझं मन एकवट कर म्हणजे मी तुझ्या नावाचं भय धरीन. दावीदासारख्याला पण हे मागावं लागलं याचा मला आधार वाटला. मन आपोआप एक नसतं, आणि आपण जोर लावूनही ते एक होत नाही, ते देवाकडे मागायचं असतं.

मॅनेजरकडे गेले तेव्हा मी काही भाषण केलं नाही. बायबल काढलं नाही. म्हटलं, सर, रिपोर्टवर मी टेस्ट झाली ती खरी तारीख टाकलीय आणि उशीर का झाला त्याची एक नोट जोडलीय, क्लायंटला मेल करायचा असेल तर मी ड्राफ्ट करून देते, पण मागच्या तारखेने मी सही करणार नाही. ते म्हणाले, ‘‘तुम्हाला माहितीये ना याचा अर्थ काय?’’ मी म्हटलं हो सर. माझे हात थरथरत होते, फाइल टेबलावर ठेवताना कोपरा वाकला तो मी नीट केला, एवढंच आठवतंय. ते म्हणाले कशासाठी हा हट्ट. तेव्हा मी म्हटलं की मी ख्रिस्ती आहे, मी कुणाची सेवा करते ते माझ्यासाठी ठरलेलं आहे, त्यात तुमचा अनादर नाही. ते काही बोलले नाहीत.

पुढे काय झालं हे सांगायलाच हवं, कारण साक्ष देताना आपण बऱ्याचदा इथे चमत्कार आणतो, मालक खूश झाला, दुप्पट पगार झाला. तसं झालं नाही. क्लायंटने उशिराची नोट घेतली, थोडा दंड लावला, माल गेला. माझी नोकरी राहिली. पण ते काम माझ्याकडून काढून घेतलं, सहीचा अधिकार दुसऱ्याकडे गेला, आणि ज्या प्रमोशनचं बोलणं चाललं होतं ते थांबलं ते थांबलंच. आज मी त्याच ऑफिसात कमी महत्त्वाच्या टेबलावर बसते. दानीएल 3 मध्ये राजाच्या मूर्तीपुढे वाकले नाहीत म्हणून ज्यांना पेटत्या भट्टीत टाकणार होते ते तिघे, शद्रख मेशख अबेद्नगो, राजाला म्हणतात आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि पुढे म्हणतात, पण जरी नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. ते जरी नाही तरी म्हणतात तेव्हा भट्टी पेटलेली आहे आणि नंतर भट्टीत त्यांच्यासोबत जो चौथा माणूस दिसला तो अजून कुणालाच दिसलेला नाही. निष्ठा तिथे आहे. सुटका नंतरची.

मेथडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली यांनी 1755 मध्ये लंडनमध्ये एक कराराची उपासना घेतली, मेथडिस्ट मंडळ्यांमध्ये ती अजूनही होते, बहुतेक नवीन वर्षाच्या सुरुवातीला. त्या परंपरेतल्या प्रार्थनेचा आशय असा आहे की मी आता माझा नाही, तुझा आहे, मला हवं त्या कामाला लाव, तुझ्यासाठी कामात ठेव किंवा तुझ्यासाठी बाजूला ठेव. बाजूला ठेव हे शब्द आधी नुसते वाचले असते तर सुंदर वाटले असते. मला ते ऑफिसात म्हणावे लागले, माझ्या जागी दुसरी व्यक्ती सही करताना बघत, आणि मी सांगते ते सोपं नाही, कित्येक दिवस घशात अडकायचे. पण तुझ्यासाठी हा शब्द त्यात आहे, आणि तो जोडून म्हटलं की अपमान उरत नाही, म्हणजे दुखतं, पण अपमान नसतो.

सगळ्यात अवघड आईचं गेलं. तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘अगं सगळेच करतात, तू एकटीने काय जग सुधारायला घेतलंयस का? देवाने बुद्धी पण दिलीय ना?’’ आई प्रार्थना करणारी बाई आहे, तिच्याच मांडीवर मी स्तोत्रं शिकले, म्हणून ते जास्त लागलं. मत्तय 10:37 मध्ये येशू म्हणतो की जो माझ्यापेक्षा बापावर किंवा आईवर अधिक प्रेम करतो तो मला योग्य नाही. मी हे वचन आईला ऐकवलं नाही. तेच ख्रिस्तवचन उगारून कितीतरी जणांनी आईबापांची मनं मोडलीयत आणि त्याला आत्मिकता म्हटलंय, ते मला पटत नाही. ज्याने हे सांगितलं त्यानेच क्रूसावरून आपल्या आईची सोय लावली, योहान 19. प्रेम कमी करायला तो सांगत नाहीये, क्रम लावायला सांगतोय. मी आईला एवढंच म्हटलं, आई, बाबा गेल्यावर तूच रात्री म्हणायचीस ना की आपला बाप वर आहे, मी त्यावर विश्वास ठेवला गं, अजून ठेवतेय. ती काही बोलली नाही, उठून गेली. काही महिने तो विषय आमच्यात निघाला नाही. नंतर एका संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थनेत तिने माझ्या कामासाठी प्रार्थना केली, प्रमोशनसाठी नाही, ‘‘हिला खरं राहायला बळ दे’’ असं म्हणाली. मी डोळे उघडून तिच्याकडे बघितलं.

एक धोका मात्र सांगते, कारण हे झाल्यावर काही काळ मी तो स्वतःत बघितला. एकदा उभं राहिलं की माणसाला सगळीकडेच उभं राहावंसं वाटतं. मीटिंगमध्ये कुणी माझ्या मताविरुद्ध बोललं तरी मनात यायचं की मी सत्यासाठी दुःख सोसतेय. आपला हट्ट आणि देवाशी निष्ठा यांचं तोंड बाहेरून सारखंच दिसतं. मी स्वतःला आता दोन गोष्टी विचारते, यात नुकसान माझं होणार आहे की दुसऱ्या कुणाचं, आणि ज्याने मला हे करायला सांगितलं त्याच्यासाठी मी आज प्रार्थना केली का. मॅनेजरसाठी प्रार्थना करायला मला वेळ लागला. स्मुर्णा शहराचे बिशप पॉलिकार्प, दुसऱ्या शतकातले, त्यांना ख्रिस्ती म्हणून पकडायला शिपाई आले तेव्हा त्यांनी आधी शिपायांना खायला प्यायला द्यायला लावलं आणि स्वतःसाठी प्रार्थनेला वेळ मागितला. मग अधिकाऱ्याने ख्रिस्ताची निंदा कर म्हटल्यावर ते म्हणाले की 86 वर्षं मी त्याची सेवा केलीय आणि त्याने माझं काहीच वाईट केलं नाही, मी माझ्या राजाची निंदा कशी करू. लोक दुसरं वाक्य सांगतात, मला पहिली गोष्ट जास्त धरून ठेवते, पकडायला आलेल्यांचं ताट वाढणं.

आणि हे एकदाच करून संपत नाही. स्वतःला नाकारून क्रूस उचलून मागे यायचं वचन मत्तय, मार्क आणि लूक तिघांतही आहे, पण दररोज हा शब्द फक्त लूक 9:23 मध्ये आहे. दानीएलाचंही बघा ना, राजाशिवाय दुसऱ्या कुणाकडे प्रार्थना केली तर सिंहांच्या गुहेत टाकू असं फर्मान निघाल्यावर तो घरी गेला आणि यरुशलेमेकडे उघडणाऱ्या खिडकीपाशी दिवसातून तीन वेळा गुडघे टेकले, आणि पुढे लिहिलंय, पूर्वी करत असे तसंच. संकटासाठी खास वेगळं काही केलं नाही त्याने, रोजचंच चालू ठेवलं. मी सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी ती वही उघडते, पहिल्या यादीतली एखादी गोष्ट वाचते, येशू प्रभू आहे म्हणते, आणि मग पासवर्ड टाकते. काही दिवशी घाईत राहून जातं. त्या दिवसांचा फरक मला दुपारपर्यंत कळतो, लगेच कुणाच्या तरी शाबासकीकडे मन धावतं.

दुसऱ्या यादीत काही नावं अजून आहेत ज्यांच्याकडे तोंड करून मी नाही म्हटलेलं नाही. त्यातलं एक पैशांचं आहे, देण्याचं. पगाराला देव मानणार नाही म्हणाले खरी, पण गाडी न विकता निभावलं तेव्हापासून मी बाजूला टाकत आलेली रक्कम आहे आणि ती कशासाठी आहे हे विचारलं तर माझं उत्तर अजून एलीयापुढे उभ्या राहिलेल्या लोकांसारखंच आहे. माझी फी भरणाऱ्या त्या बाई आता खूप थकल्यात, त्यांच्या औषधपाण्याचं बघायला घरी कुणी नाही. नवऱ्याशी बोललेय. या रविवारी उपासनेनंतर आम्ही दोघं त्यांच्याकडे जाणार आहोत.